दात
(उमरोळीच्या बैठकीत केलेलं भाषण)



समोरचा एक दात गेलाय. त्यामुळे माझा ‘स’ आज शिट्टी वाजवत बाहेर पडेल. परवा कविता वाचताना पोरं हसली. हसा. पण दात कुणी पाडला ते ऐका आणि मग हसा.

पाडला माझ्या दोस्तानं. मुकादमानं नाही, गावच्या पाटलानं नाही. ज्यानं मला पहिली वही आणून दिली आणि लिही म्हणाला, त्यानं. मी मुंबईच्या गोदीत ठेकेदाराकडं पोती उचलतो. पहाटेच्या डहाणू लोकलला लोंबकळायच्या आधी कैकदा त्याच्याच आईच्या हातची भाकरी मी खाल्लीय. कारण काय, तर जयंतीच्या वर्गणीचा हिशोब मागितला. चार लोकांत मागितला. ‘माझ्यावर संशय घेतोस?’ म्हणाला आणि तोंडावर ठोसे. पिलेला होता? होता. आम्ही दोघं मिळूनही कैकदा पिलोय, तेव्हा कुणाचे दात पडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वस्तीतली जाणती माणसं आली. चहा घेतला आणि म्हणाली, ‘आपल्यातलं आपल्यात मिटव. पोरगं कंपनीत परमनंट व्हायला आलंय, तिकडं पोलीस दाखला मागतात. आणि आपलं पोर आपल्या हातानं ठाण्यात द्यायचं?’

पहिलं वाक्य ऐकून डोकं फिरलं. हे वाक्य आपल्या बापजाद्यांनी जन्मभर ऐकलंय. आपल्या माणसाला मारलं की गावातले मातब्बर हेच सांगतात, गावातलं गावात मिटवा. तेव्हा आपण काय करतो? गुन्हा दाखल करा म्हणून ठाण्यासमोर बसतो. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्याल्यावर महाडमध्ये आपल्या माणसांची डोकी फुटली. बाबासाहेबांनी माणसं आवरली, उलट हात उचलू दिला नाही. खटला चालला आणि पाच जणांना चार महिने सक्तमजुरी झाली. मारणारा परका असला की कायदा, आपला असला की चहा? मग बायकोला मारणारा कार्यकर्ता कुठल्या खात्यात घालायचा? त्याचा चहा तर आपण कधीचा पितोय.

पण शेवटचं वाक्य मला झोपू देईना. आपलं पोर ठाण्यात. ठाणं काय असतं ते मला कुणी शिकवायला नको. नाव विचारतात, आडनाव विचारतात, आणि आडनाव ऐकल्यावर आवाज बदलतो. माझ्या दाताची भरपाई म्हणून त्याच्या पाठीवर पट्टा पडावा असं मला वाटतं का? पहिल्या रात्री वाटलं. खोटं कशाला बोलू. नंतर नाही वाटलं. सहा दिवस असाच गोदीत गेलो, तोंडाला रुमाल बांधून.

सातव्या दिवशी ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाला, एनसी घेतो. एनसी म्हणजे अदखलपात्र. वहीत नोंद होते आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. साधी दुखापत असती तर तेवढंच हातात होतं. पण १ जुलै २०२४ पासून जी न्याय संहिता लागू आहे, तिच्या कलम ११६ मध्ये हाड किंवा दात मोडणं ही गंभीर दुखापत आहे. कलम ११७, सात वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र. मी सरकारी दवाखान्याचा कागद पुढं ठेवला. हवालदार माझ्या तोंडाकडं बघत राहिला, खरंच दात नाही का ते. एफआयआर झाला. त्याची प्रत फुकट मिळते, मी मागून घेतली. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा इथं लागत नाही, मारणाराही आपल्यातलाच.

तिथून निघालो तो सरळ त्याच्या घरी. मावशीनं दार उघडलं आणि भिंतीकडं तोंड केलं. तिच्या पाठीला मी सांगितलं ते इथंही सांगतो. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये अर्नेश कुमारच्या खटल्यात बजावलंय. आधी नोटीस देऊन बोलवायचं, अटक करायची तर कारणं लिहायची. अटक झालीच तरी कलम जामीनपात्र आहे. अनुसूचित जातीच्या माणसाला, आरोपी असला तरी, सरकारी खर्चानं वकील मिळतो. १९८७ चा कायदा आहे. पालघरच्या कोर्टात विधी सेवावाल्यांकडं अर्ज द्यायचा. लिहिता येत नसेल तर मी लिहून देतो.

वस्तीत हसतात. म्हणतात, हा स्वतःच केस करतो आणि स्वतःच आरोपीला वकील देतो. म्हणू द्या. मला त्याचा हिशोब हवाय, वर्गणीचा आणि दाताचा. त्याचं हाड मोडायला नकोय. पुढं कोर्टाच्या परवानगीनं तडजोड करता येते, तेही मला ठाऊक आहे. तो चार लोकांत मान्य करील, वर्गणीची वही टेबलावर ठेवील, तेव्हा बघू. आज नाही.

मावशी, तुम्ही मागं बसलाय, दिसताय मला. नोटीस आली की निरोप धाडा. तो ठाण्यात आत जाईल तेव्हा मी बाहेर फाटकाशी उभा राहीन, तो परत येईपर्यंत. त्या दिवसाची हजेरी बुडाली तरी चालेल. आणि कोर्टात तारीख लागली की त्याच्याविरुद्ध साक्षीलाही मीच उभा राहीन, तेही आत्ताच सांगून ठेवतो.