थांबलेल्या कळा

जालन्यांतील मस्तगडाहून इस्पितळ दूर नाहीं. वेळ दवडला जातो तो गैरसमजानें. मूल आडवें असलें, वाट अरुंद असली, किंवा कळांचें इंजेक्शन घरींच टोंचलें, तर गर्भाशय फाटतो. आजकाल बहुधा उसवतो तो मागील सिझेरियनचा व्रण: आडव्या छेदाचा, कळा दिल्यास, सुमारें २०० त एकीचा, उभ्या छेदाचा त्याहून पुष्कळ अधिक, कधीं कळांपूर्वींही. तीव्र वेदना होऊन कळा एकाएकीं थांबतात. घरच्यांस वाटतें, बाईस आराम पडला! इकडे रक्त पोटांत सांचतें, नाडी धांवते, मूल गुदमरतें. तत्काळ पोट उघडून व्रण शिवावा, प्रसंगीं गर्भाशयच काढावा लागतो. त्या शस्त्रक्रियेचा कागद मात्र पुष्कळदां लुगड्यांच्या घडींतच राहतो; तो पहिल्याच तपासणीस डॉक्टरीणबाईंपुढें ठेवावा.