ख्रिस्ती दांपत्य आणि संततीचा विवेक

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव पहिल्या स्त्रीपुरुषांस फलद्रूप होण्याचा आशीर्वाद देतो. चर्चमधून विवाहबद्ध होऊन बाहेर पडणाऱ्या नवदांपत्याकडे आप्तेष्ट याच आशीर्वादाच्या अपेक्षेने पाहतात. वसईचे धर्मग्राम असो, केरळातील जुने सिरियन घराणे असो की नागालँडच्या डोंगरातील बॅप्टिस्ट वस्ती असो, लवकर पाळणा हलावा ही इच्छा सर्वत्र सारखीच. परंतु वधूच्या हृदयाची झडप लहानपणीच्या आजाराने अरुंद झालेली असेल, तर आशीर्वाद म्हणून जे मागितले तेच तिच्या प्राणांवर बेतू शकते. अशा दांपत्याला मग वैद्याचे आणि धर्मगुरूचे अशी दोन्ही दारे ठोठवावी लागतात आणि दोन्हीकडे ऐकलेल्या शब्दांचा मेळ घरी येऊन स्वतःच घालावा लागतो.

ज्या आजाराचा येथे विचार करावयाचा तो भारतात दुर्मीळ नाही. लहान वयात घसा दुखून ताप येतो. काही मुलांत त्यामागून संधिवाताचा ताप येतो. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपांवर व्रण राहतो. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये मायट्रल नावाची झडप असते. निरोगी प्रौढ माणसात तिचे द्वार ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. व्रणामुळे ते हळूहळू अरुंद होत जाते आणि दीड चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून लहान झाले की आजार गंभीर समजला जातो. तरीही घरकाम करणारी तरुण स्त्री वर्षानुवर्षे त्याविषयी अनभिज्ञ राहू शकते. जिना चढताना लागणारी धाप ती अशक्तपणावर ढकलते.

गरोदरपणात मात्र ही झाकली मूठ उघडते. त्या काळात शरीरातील रक्त सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि नाडी जलद चालते. अरुंद द्वारातून अधिक रक्त जावयाचे आणि त्यासाठी मिळणारा वेळ मात्र कमी, अशी कोंडी होते. तुंबलेले रक्त फुप्फुसांवर दाब आणते आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात स्त्रीला आडवे पडून झोपणेही अशक्य होते. प्रसूतीची घटका व तिच्या पाठोपाठचे काही दिवस विशेष धोक्याचे असतात. आपल्या देशात अनेक स्त्रियांचा हा आजार प्रथम गरोदरपणातच उघडकीस येतो. त्यात अज्ञानाचा भाग असतो, तसा लपवाछपवीचाही असतो. लहानपणी दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेणाऱ्या मुलीची ती हकीकत लग्न ठरविताना सांगितली जात नाही. स्थळ हातचे जाईल ही भीती आईबापांना गप्प बसविते आणि त्या गप्पपणाची किंमत पुढे मुलीला मोजावी लागते.

आता दुसऱ्या दाराकडे वळावे. संततिनियमनाविषयी सर्व ख्रिस्ती चर्चेसचे मत एक नाही, आणि आज जे मत आहे ते पूर्वीपासून तसेच होते असेही नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तेव्हा ते विल्सन कॉलेजात गणित शिकवीत असत. कॉलेज प्रॉटेस्टंट मिशनचे होते आणि या कार्यापायी कर्व्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेने १९२० मध्ये कृत्रिम साधनांविरुद्धच इशारा दिला होता. त्याच परिषदेने १९३० मध्ये १९३ विरुद्ध ६७ मतांनी असा ठराव केला की, अपत्ये मर्यादित ठेवण्याचे कर्तव्य स्पष्टपणे जाणवत असेल आणि पूर्ण संयम न पाळण्यास नैतिकदृष्ट्या सबळ कारण असेल, तर इतर उपायांचा अवलंब करता येईल. मात्र स्वार्थ, चैन किंवा केवळ सोय हा हेतू असता कामा नये. १९५८ च्या परिषदेने अपत्यांची संख्या व त्यांतील अंतर ठरविण्याची जबाबदारी देवाने आईबापांच्या विवेकबुद्धीवर सोपविली आहे, असे म्हटले. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तीत अँग्लिकन मंडळ्या आल्या, तशा अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या परिसरातील जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील मंडळ्याही आल्या. अशा घरांतून साधनांचा प्रश्न आज फारसा अडत नाही.

रोमन कॅथलिक दांपत्यापुढील वाट अधिक अरुंद आहे. पोप अकरावे पायस यांनी ३१ डिसेंबर १९३० च्या परिपत्रात कृत्रिम संततिनियमनाचा निषेध केला. बारावे पायस यांनी १९५१ मध्ये इटलीतील सुईणींपुढे बोलताना वैद्यकीय, आर्थिक व सामाजिक अशा गंभीर कारणांसाठी, गर्भधारणा न होणाऱ्या दिवसांचा आधार घेण्याची मुभा मान्य केली. पुढे सहावे पॉल यांच्या २५ जुलै १९६८ च्या ‘ह्युमाने व्हिते’ या परिपत्राने हीच शिकवण कायम केली. देहातील रोग बरा करण्यासाठी खरोखर आवश्यक असलेला उपचार, त्यामुळे गर्भधारणेस अडथळा येणार हे ठाऊक असले तरी, घेता येतो, असे त्या परिपत्रात म्हटले आहे. अरुंद झडपेच्या स्त्रीला मात्र या सवलतीचा आधार सहसा मिळत नाही. तिच्या बाबतीत गोळी रोग बरा करीत नाही. ती केवळ गर्भधारणा टाळते. शरीर गर्भाचा भार सोसू शकणार नाही, एवढ्याच कारणासाठी घेतलेल्या अशा औषधाला बारावे पायस यांनी १९५८ मध्ये संमती नाकारली होती.

येथे श्रद्धाळू पतिपत्नींची खरी कसोटी लागते. दिवस मोजण्याची, तापमान व स्राव यांची नोंद ठेवण्याची पद्धती त्यांना अनुज्ञेय आहे. काटेकोर शिक्षण व पालन असेल तर ती चांगले काम देते. परंतु नेहमीच्या व्यवहारात, पद्धतीच्या प्रकाराप्रमाणे, वर्षभरात १०० पैकी २ पासून २३ पर्यंत स्त्रियांना दिवस जातात. निरोगी स्त्रीच्या बाबतीत अशी चूक म्हणजे अनपेक्षित पाहुणा. आजारी स्त्रीच्या बाबतीत ती जीवावरचे संकट ठरू शकते. म्हणून काही कॅथलिक दांपत्ये संयमाचे दिवस वाढवितात, काही पूर्ण ब्रह्मचर्य पत्करतात, तर काही चर्चच्या शिकवणीविषयी आदर बाळगूनही आपल्या विवेकास साक्षी ठेवून निराळा मार्ग धरतात आणि त्याचे ओझे मनावर वागवितात. यांपैकी कोणाचीही हेटाळणी करण्याचा अधिकार शेजाऱ्यापाजाऱ्यांना नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सांगितले की, किती अपत्ये व्हावीत याचा अंतिम निर्णय पतिपत्नींनीच देवासमक्ष करावयाचा आहे. तो करताना त्यांनी चर्चच्या शिकवणीला अनुसरावे, हेही तिने त्याबरोबरच सांगितले. या दोन्ही वाक्यांचे वजन ज्याच्या खांद्यावर पडते, त्यालाच ते कळते.

साधनांचा मार्ग मोकळा असलेल्यांनाही दुकानातील कोणतीही वस्तू उचलून चालत नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. झडपेच्या आजारात, विशेषतः हृदयाचे ठोके अनियमित झाले असता, ती घातक ठरू शकते. तांबी फार भरवशाची आहे. पण रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणाऱ्या स्त्रीला तिच्यामुळे अधिक रक्तस्राव होऊ शकतो. निरोध निरुपद्रवी आहे, परंतु तेवढा भरवशाचा नाही. पुरुषाची नसबंदी ही लहानशी शस्त्रक्रिया आहे, तिने पत्नीच्या हृदयावर काडीचाही भार पडत नाही; मात्र वीर्यतपासणीने खात्री होईपर्यंत, म्हणजे सुमारे तीन महिने, दुसरी काळजी घ्यावी लागते. असे असूनही आजारी पत्नीलाच शस्त्रक्रियेच्या मेजावर पाठविण्याची रीत आपल्याकडे आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने पतीच्या देहावर पत्नीचाही अधिकार सांगितला आहे आणि संयम पाळावयाचा तर तो परस्परसंमतीने पाळावा, असे म्हटले आहे. संयम असो वा साधन, त्याचा भार दोघांनी वाहिला पाहिजे, हे तात्पर्य त्यातून कोणालाही काढता येईल.

पुष्कळदा प्रश्न ‘मूल की मूल नाही’ असा नसतो. ‘आधी काय’ असा असतो. जपानचे कांजी इनोऊए यांनी १९८२ मध्ये रक्तवाहिनीतून फुगा नेऊन अरुंद झडप रुंद करण्याची रीत प्रथम वापरली. योग्य रुग्णात विवाहानंतर, पण गर्भधारणेपूर्वी हा उपचार झाला, तर पुढील गरोदरपण बरेच सुरक्षित होते. झडप बदलावयाचीच असेल तर कोणती बसवावी, यातही संततीचा विचार हवा. धातूची झडप टिकाऊ असते, पण तिच्यासाठी जन्मभर रक्त पातळ ठेवणारे औषध लागते. वॉरफारिन हे असे औषध गर्भाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत विशेष अपाय करू शकते आणि दिवस गेल्याचे कळेपर्यंत तो काळ सुरू झालेला असतो. कायदा १९७१ पासून स्त्रीचा जीव धोक्यात असता गर्भपातास मुभा देतो; परंतु कॅथलिक चर्चला तो मान्य नाही आणि इतरही अनेक ख्रिस्ती मनांना तो पेलत नाही. ज्यांनी ते दार श्रद्धेने स्वतःच मिटून घेतले आहे, त्यांना आधीचा विचार टाळता येत नाही. विचार करावयाचा तो गर्भधारणेपूर्वी. शक्य तर विवाहापूर्वी.

म्हणूनच कॅथलिक धर्मग्रामांतील विवाहपूर्व वर्गांत आणि पाळकांच्या घरगुती भेटींत प्रकृतीचा प्रश्न स्पष्टपणे विचारला जावा. ज्यांना अपत्य होणे इष्टच नाही, त्यांच्या घरी सांत्वनापेक्षा साथ अधिक उपयोगी पडते. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार कोणत्याही धर्माच्या पात्र दांपत्यास मूल दत्तक घेता येते, ही गोष्ट अजून पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांना कोणी सांगितलेली नसते.

लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधू इच्छिणाऱ्या माणसाचा दाखला आहे. तो आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. येशूने तो दाखला शिष्यत्वाविषयी दिला. पण संसारालाही तो लागू पडतो. हिशेब करणे म्हणजे देवावर अविश्वास दाखविणे नव्हे. पत्नीचे आयुष्य हीदेखील त्याच हातांनी दिलेली देणगी आहे आणि जी देणगी घरात आधीच आलेली आहे, तिची राखण प्रथम केली पाहिजे.