मागून घेतलेला अर्धा तास

(मंडळाच्या गणेशोत्सवात विद्यार्थी व पालकांसमोर केलेलं भाषण, थोडंसं संपादित करून)



आरती झाली, प्रसाद झाला. स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास येतो आहे, तेव्हा तुमचा फार वेळ घेत नाही. यंदा आपल्या मंडळात बरेच नवे विद्यार्थी आले आहेत. "त्यांना काहीतरी उपयोगाचं सांग," असं कमिटीने मला सांगितलं. घर कसं शोधायचं, आनमेल्डुंग कुठे करायची, हे तुम्हाला इथल्या दादा-ताईंनी सांगितलंच असेल. मी आज जे सांगणार आहे, ते मी नवी असताना मला कोणीच सांगितलं नव्हतं.

मला सोळाव्या वर्षी संधिवात झाला. लोकांना वाटतं हा म्हातारपणीचा आजार. तसं नाही, तो लहान मुलांनाही होतो. माझी बोटं सकाळी आखडतात आणि सलग लिहिलं की सुजतात. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. पुण्यात आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, घराबाहेर कोणालाच नाही. आई म्हणायची, "बाळा, चारचौघांत बोलू नकोस. उद्या तुझं लग्न करायचंय." तिचंही काही चुकत नव्हतं, तिने जग पाहिलं होतं. बारावी आणि इंजिनिअरिंग मी वेदनाशामक गोळ्यांवर काढलं.

इथे मास्टर्सला आले. पहिल्या सेमिस्टरला एक पेपर होता, १२० मिनिटांचा, सगळा हाताने लिहायचा. शेवटचे दोन प्रश्न मला येत होते, पण पेन धरता येईना. नापास झाले. पुढच्या वेळी दोन गोळ्या घेऊन बसले. पुन्हा नापास. नव्या मुलांनो, हे नीट ऐका. इथे एका परीक्षेचे प्रयत्न मोजके असतात, पुष्कळ विद्यापीठांत तीनच. शेवटचा हुकला की नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडे शिकण्याची वाटही बहुधा बंद होते. शिक्षण गेलं की त्यावर मिळालेला व्हिसाही धोक्यात. माझा एकच प्रयत्न उरला होता, आणि घरी फोनवर मी "सगळं छान चाललंय" म्हणत होते.

एक दिवस लॅबमध्ये मला बाटलीचं झाकण उघडेना. शेजारच्या जर्मन मुलीने ते उघडून दिलं आणि विचारलं, "तू नाखटाइल्सआउसग्लाइश मागितलास का?" मला आधी वाटलं, ही शिवीच देतेय की काय!

नाखटाइल म्हणजे तोटा, आउसग्लाइश म्हणजे भरपाई. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे परीक्षेत जे नुकसान होतं, तेवढंच भरून काढायचं. ही मेहेरबानी नाही. जर्मनीच्या राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमात १९९४ साली एक वाक्य घातलं गेलं. अपंगत्वामुळे कोणाचंही नुकसान होता कामा नये, असा त्याचा अर्थ. त्याच आधारावर प्रत्येक राज्याच्या विद्यापीठ कायद्यात आणि परीक्षेच्या नियमांत ही तरतूद असते. ती परदेशी विद्यार्थ्यालाही लागू आहे.

"पण मी काही अपंग नाही," असं मीही म्हटलं होतं. इथल्या कायद्याची व्याख्या रुंद आहे. जो त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकण्याची शक्यता आहे आणि ज्याने रोजच्या व्यवहारात अडथळा येतो, तो यात बसू शकतो. मधुमेह, फिट्स, कमी ऐकू येणं, डिस्लेक्सिया, नैराश्यसुद्धा. अपंगत्वाचं सरकारी कार्ड हवंच असं नाही. २०२१ मध्ये देशभरातल्या विद्यार्थ्यांची मोठी पाहणी झाली. सुमारे १६ टक्के विद्यार्थ्यांना शिक्षणात अडथळा आणणारा काही ना काही त्रास असल्याचं त्यात दिसलं, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिकांचा त्रास मानसिक होता. म्हणजे वर्गात तुम्ही एकटे नसता, फक्त कोणाचं दिसत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. प्रत्येक विद्यापीठात बहुधा अशा विद्यार्थ्यांसाठी नेमलेली एक सल्लागार व्यक्ती असते. आधी तिला भेटा. भेट गुप्त राहते, पैसे पडत नाहीत. मग परीक्षा समितीकडे लेखी अर्ज करायचा, परीक्षेच्या पुष्कळ आधी. पेपर झाल्यावर मागून उपयोग नाही, मागच्या निकालाला हे लागू होत नाही. अर्जात नेमकं काय हवं ते लिहायचं. जास्त वेळ, वेगळी खोली, मध्ये विश्रांती, लॅपटॉप, लेखीऐवजी तोंडी परीक्षा, प्रबंधाला मुदतवाढ, जे लागत असेल ते.

माझा पहिला अर्ज परत आला होता. चूक साधी होती. डॉक्टरांच्या पत्रात फक्त आजाराचं नाव होतं. समितीला नावावरून काय कळणार? दुसऱ्या वेळी मी डॉक्टरांना बसून समजावलं. त्यांनी लिहिलं की हिला सलग अर्ध्या तासाहून जास्त हाताने लिहिता येत नाही, बोटांना विश्रांती लागते, टाइप करणं त्या मानाने जमतं. तीन आठवड्यांत होकार आला. लॅपटॉप आणि अर्धा तास जास्त. नकार आला असता तरी घाबरायचं कारण नव्हतं. निर्णयाच्या खाली हरकत कुठे आणि किती दिवसांत घ्यायची ते छापलेलं असतं, साधारण एक महिना मिळतो.

तिसऱ्या प्रयत्नात मला २.३ मिळाले. फार मोठा पराक्रम नाही. पण पेपर तोच होता, तपासणारे तेच होते. जे मला येत होतं, ते या वेळी कागदावर उतरलं, इतकंच.

पालक नेहमी विचारतात, सर्टिफिकेटवर शिक्का बसतो का? नाही, या सवलतीचा उल्लेख गुणपत्रिकेत करायचा नसतो. शाळेत मात्र एक फरक लक्षात ठेवा. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाचं शुद्धलेखन मुळी तपासलंच नाही, तर ती वेगळी गोष्ट होते. तशी नोंद प्रमाणपत्रावर करता येते, असं इथल्या घटना न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितलं. ती सगळ्यांना सारख्याच नियमाने करावी लागते. तेव्हा शाळेत सही करण्याआधी नीट विचारून घ्या.

ही काही परदेशातली नवलाई नाही. माझ्यासारखाच हाताचा त्रास असलेला विकास कुमार नावाचा तरुण, यूपीएससीला लेखनिक नाकारला म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अपंगत्व ४० टक्के नसलं, तरी गरज असेल तर लेखनिक द्यायला हवा, असा निकाल त्याला ११ फेब्रुवारी २०२१ रोजी मिळाला. आणि इथे मारबुर्गला तर १९१६ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, दृष्टी गेलेल्या तरुणांना शिकता यावं म्हणून संस्था उभी राहिली. ती आजही चालू आहे. तिच्या संस्थापकांपैकी कार्ल श्ट्रेल स्वतः अंध होते, त्याच गावच्या विद्यापीठात शिकलेले. त्यांच्या काळी मागणं किती अवघड असेल!

पास झाल्यावर मी आईला सगळं सांगितलं, आधीचे दोन नापासही. ती पहिल्यांदा म्हणाली, "म्हणजे आता सगळ्यांना कळलं?" मी म्हटलं, "अगं आई, फक्त समितीला कळलं. आणि कळलं म्हणूनच पास झाले." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बारावीलाच मागायला हवं होतं का गं आपण?" या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. आज इथे बसलेल्यांना मात्र माहीत झालं आहे.

म्हणून हात जोडून सांगते. घरी मूल "सगळं छान" म्हणत असेल, तर एकदा पुन्हा विचारा. आणि मुलांनो, अर्ज कसा लिहायचा ते अडलं तर जेवताना माझ्या शेजारी येऊन बसा, आपण मिळून लिहू.

गणपती बाप्पा मोरया! चला, पानं वाढली आहेत.