कातडीच्या घराचे वासे



लहानपणीं मसुर्‍यास आमचे आजोबा विहिरीवर स्नान करून येत, तेव्हां त्यांच्या कमरेवरचा काळसर, जाड पट्टा माझ्या दृष्टीस पडे. आयुष्यभर धोतर आवळून नेसण्याचा तो घट्टा होता. त्यांना त्याचा त्रास कधींच झाला नाहीं. पुढें मात्र वाचनांत आलें कीं, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं १९४५ सालीं, धोतराच्या आवळण्यानें त्या जागीं क्वचित् होणार्‍या कर्करोगाचें वर्णन केलें होतें. नंतर परकराच्या नाडीखालींही असा रोग आढळला.

संरक्षणासाठीं वाढणारी कातडी मर्यादा केव्हां ओलांडते, हा प्रश्न तेव्हांपासून माझ्या मनांत आहे. त्याच्या उत्तराचा एक लहानसा भाग आज आपणांपुढें ठेवतों.

कातडीच्या सर्वांत खालच्या थरांतील पेशी सतत विभागतात. नव्या पेशी वर सरकतात, कठीण होतात आणि सुमारें महिन्याभरानें गळून पडतात. प्रत्येक पेशींत केराटिन नांवाच्या प्रथिनाच्या तंतूंचें जाळें असतें. केस व नखें त्याचींच बनलेलीं. माणसांत केराटिनाचे ५४ प्रकार आहेत. खालच्या थरांत ५ व १४ क्रमांकाचे प्रकार असतात. पेशी वर निघाली कीं त्यांच्या जागीं १ व १० येतात. ज्या बालकांत ५ किंवा १४ जन्मतः सदोष असतें, त्यांच्या अंगावर जरासें घांसलें तरी फोड येतात. म्हणून केराटिन म्हणजे केवळ घराचे वासे, भार पेलणें एवढेंच त्याचें काम, असें पुष्कळ काळ मानलें गेलें.

घर फिरलें कीं घराचे वासेही फिरतात, अशी आपली म्हण आहे. कर्करोगांत केराटिनाचे प्रकार बदलतात, हें तज्ज्ञांना ठाऊक होतेंच. परंतु वासे फिरल्यानें घर फिरतें काय?

टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संशोधनसंस्थेंत डॉ. मिलिंद वैद्य व त्यांच्या सहकार्‍यांनीं हाच प्रश्न हातीं घेतला. २०११ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, पेशींतील १४ क्रमांकाचें केराटिन कमी केलें असतां विभागणी मंदावते, पेशी परिपक्वतेकडे वळतात, आणि कर्करोगाच्या पेशींची गांठ निर्माण करण्याची शक्ति घटते. उलट ८ व १८ हे प्रकार एरवीं यकृत, आंतडें अशा ठिकाणचे. ते तोंडाच्या कर्करोगांत अवेळीं प्रकट होतात. ते नाहींसे केल्यावरही त्या पेशींचा जोर ओसरला. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें २००६ सालीं असेंच दिसून आलें: जखमेच्या कडेला उगवणारें १७ क्रमांकाचें केराटिन नसेल, तर पेशी आकारानें लहान राहते व तिची प्रथिनें बनविण्याची गति कमी होते. म्हणजे हे वासे नुसते भार पेलीत नाहींत. घर किती वाढवावयाचें हेंही ते सुताराला सांगतात.

ह्यावरून उपाय सांपडला असें कोणी समजूं नये. हे प्रयोग प्रयोगशाळेंतील पेशींवरचे. रोगाचें मूळ पेशीच्या बीजद्रव्यांतील बिघाडांत आहे, आणि तोंडाच्या बाबतींत तो बिघाड बहुधा तंबाखू करिते.

हें मी अनुभवानें बोलतों. वर्गांत मुलांना आरोग्यशास्त्र शिकवीत असतांना मीं स्वतः पंचवीस वर्षें गालांत तंबाखू धरली. एके दिवशीं आरशांत गालाच्या आंतून पांढरा चट्टा दिसला. भीतीनें दोन महिने कोणास बोललों नाहीं. तोच माझा खरा अपराध. शेवटीं पत्नीनें हट्टानें नेलें. डॉक्टरांनीं तुकडा काढून तपासला. कर्करोग नव्हता, परंतु पेशी वाट सोडूं लागल्या होत्या. त्या दिवसापासून तंबाखू सुटली, आणि वर्षभरानें चट्टा मावळला. सर्वांचाच मावळतो असें नाहीं.

म्हणून विनंती एवढीच: तोंडांतील पांढरा वा लाल चट्टा, अथवा तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर दोन महिने थांबूं नका.