वाफ आणि वाळू

कॅल्गरीत तेलवाळूंवरचं चर्चासत्र, आणि तेही मराठीत, म्हटल्यावर काहींनी भुवया उंचावल्या होत्या. हे भरलेलं सभागृह पाहून त्यांना परस्पर उत्तर मिळालं असेल.

अथाबास्काच्या तेलवाळूंतलं बिट्युमेन, म्हणजे अतिशय घट्ट तेल, दहा-बारा अंशांना जवळजवळ हलतच नाही. दोनशे अंशांच्या आसपास मात्र ते सहज वाहतं. यावरच रॉजर बटलर यांनी आडव्या विहिरींची जोडी बेतली. वरच्या विहिरीतून वाफ सोडायची, पाचेक मीटर खालच्या विहिरीतून तेल-पाणी उपसायचं. १९८७ मध्ये फोर्ट मॅकमरेजवळच्या भूमिगत चाचणी केंद्रात ही कल्पना प्रत्यक्षात उतरली. हे इथं सगळ्यांना पाठ आहे.

माझी तक्रार निराळी आहे. आपण हिशेब मांडतो तो तेलाचा, आणि वाळूला समजतो नुसतं भांडं. तेलवाळूच्या मॅकमरे थरातले कण कोट्यवधी वर्षं दाबाखाली एकमेकांत घट्ट अडकून बसलेले आहेत. वाफ शिरली की थर तापून प्रसरण पावतो, छिद्रांतला दाब वाढतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सैल होते. कातरबल येताच कण एकमेकांवर चढतात, वाळू फुगते. सच्छिद्रता वाढते, पार्यता तर त्याहून अधिक. वरची जमीनसुद्धा थोडी उचलली जाते!

जमिनीखाली चाललेलं हे सगळं आपण पाहतो ते सिस्मिक लहरींनी. थंड बिट्युमेनला घन पदार्थासारखा ताठरपणा असतो. तापल्यावर तो जातो आणि लहरींचा वेग घटतो. पण वेग घटला तो तेल मऊ झाल्यामुळे, दाब वाढल्यामुळे, की वाफ शिरल्यामुळे? सिस्मिक नकाशावर तिन्हींचा रंग एकच. हा वाद पुस्तकी नाही; वाफ आणि दाब कुठवर पोहोचले हे ओळखता यायलाच हवं. मे २००६ मध्ये जॉस्लिन क्रीक इथल्या तेलवाळू प्रकल्पात वाफ वरचा झाकणखडक फोडून बाहेर आली आणि जमिनीला मोठा खड्डा पडला.

म्हणून चर्चासत्राच्या समितीनं मुद्दाम एक खोडी काढली आहे. सिस्मिकवाले, भूयांत्रिकीवाले आणि उत्पादनवाले यांची वेगवेगळी सत्रं ठेवलेलीच नाहीत. भांडायचं ते समोरासमोर.

उद्या कोअर संशोधन केंद्राला भेट आहे. कोअर, म्हणजे विहिरीतून काढलेला थराचा नमुना, वर येताना दाब सुटतो, विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि वाळू नळीतच फुगते. अशा सैल तुकड्यावर मोजलेली सच्छिद्रता जशीच्या तशी थराच्या माथी मारणाऱ्यांनी तर यायलाच हवं. बस साडेआठला सुटेल. पांढरे कपडे कृपया नकोत.