पाण्याचा जमाखर्च
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



कापडाच्या पेढीवर आयुष्य गेल्यामुळे एक गोष्ट मनावर ठसली आहे. मुद्दलातून घरखर्च भागविणारा व्यापारी फार काळ टिकत नाही. भूगर्भातील पाण्याच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करीत आलो आहोत.

इंग्रजी अमदानीतील १८८२ च्या कायद्याने जमिनीखालील पाणी घेण्याचा हक्क जमीनमालकाचा मानला. परंतु पाण्याला शेताचा बांध ठाऊक नसतो. आपल्या काळ्या पाषाणात ते झिजलेल्या थरांत व भेगांतच साठते. एकाची कूपनलिका खोल गेली की शेजाऱ्याची विहीर आटू शकते.

या दृष्टीने अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव अभ्यासण्याजोगे आहे. पर्जन्यछायेतील या गावातून लोक पोटासाठी बाहेर पडत होते. श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली, १९९४ नंतर आदर्श गाव योजनेतून तेथे मृद व जलसंधारणाची कामे झाली. पण केवळ बंधाऱ्यांनी गाव सावरले नाही. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी पिके लावायची नाहीत, असे ग्रामसभेने ठरविले. २००४ पासून पावसाचे मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. प्रथम माणसे व गुरे यांचे पिण्याचे पाणी, त्यानंतर शेती. पाऊस कमी, तर पेराही कमी.

राज्याचा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ मध्ये अमलात आला. तथापि प्रत्येक विहिरीवर सरकारी पहारा बसविणे शक्य नाही. गावाने स्वतः घातलेले बंधनच गाव पाळते.

आता थोडे आपल्याविषयी. कूपनलिका खोदून देणे हे आपण पुण्यकर्म मानतो. मीही त्यासाठी देणगी दिली आहे. त्या वेळी 'पाणी लागले का?' एवढेच मी विचारले. 'किती उपसायचे, हे कोणी ठरविले?' हे विचारण्याचे मला सुचले नाही. त्या दानाने कोणाची विहीर आटली असेल काय, ही रुखरुख आजही आहे.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. यापुढे अशी देणगी देण्यापूर्वी ग्रामसभेचा पाणीवाटपाचा ठराव पाहावा. पर्जन्यमापक आणि विहीर-पुनर्भरण यांना अग्रक्रम द्यावा. गरजेपुरतेच घ्यावे, हा अपरिग्रहाचा संस्कार आपल्यावर आहेच. दान देतानाही त्याचे स्मरण राहावे, एवढीच प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.