पुढे दोन, मागे एक

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात छंद-प्रदर्शनाच्या वेळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषणाची मला सवय नाही. पण हॉलमध्ये ठेवलेल्या जहाजाबद्दल कालपासून बरेच जण विचारतायत, म्हणून कमिटीने मला दहा मिनिटं दिली आहेत.

बी विंगमधले आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले काका, जुन्या सभासदांना आठवत असतील. सुरुवातीच्या वर्षांत पाण्याचा पंप कुरकुरला की प्लंबरच्या आधी अण्णांना हाक जायची. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, "बेअरिंग गेलंय." हे कसब नौदलातलं. १९५९ ते १९६३ अण्णा ‘आयएनएस दिल्ली’वर स्टोकर होते, म्हणजे खाली बॉयलरवर. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण आणि दीव मुक्त झाले, तेव्हा ‘दिल्ली’ दीवसमोर उभी होती आणि तिने तिथल्या किल्ल्यावर तोफा डागल्या. "अण्णा, तुम्ही काय पाहिलंत?" असं विचारलं की म्हणायचे, "काही नाही रे. आम्ही खाली. वर धाड धाड व्हायचं आणि आमच्या डोक्यावर रंगाचे पापुद्रे पडायचे."

त्यांच्या ८५ व्या वाढदिवसाला त्या जहाजाचं मॉडेल करून द्यायचं मी ठरवलं. वाटलं, नाव टाकलं की किट मिळेल. नाव टाकलं तर आधी समोर आली ती १९९७ साली नौदलात आलेली, आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली विनाशिका ‘दिल्ली’. नाव तेच, जहाज वेगळं. अण्णांची ‘दिल्ली’ म्हणजे मूळची ब्रिटिश क्रूझर ‘एकिलिस’. १९३९ च्या डिसेंबरात न्यूझीलंडच्या खलाशांनी तिच्यावरून जर्मन ‘ग्राफ श्पे’शी लढाई दिली, तीच ही. १९४८ मध्ये ती भारताकडे आली.

मला हवं तसं किट मिळेना. शेवटी एअरफिक्सचं १/६०० मापाचं ‘एजॅक्स’ घेतलं. त्या लढाईत ‘एकिलिस’च्या बरोबरीने लढलेली, त्याच वर्गातली नौका. १६९ मीटरचं जहाज या मापात २८ सेंटिमीटरचं होतं, म्हणजे टीव्हीच्या शोकेसमध्ये बरोबर बसतं. दोन महिने रात्री जागून जोडलं, रंगवलं आणि अण्णांच्या पुढ्यात ठेवलं.

त्यांना तेव्हा नीट दिसत नव्हतं. बोटाने चाचपत गेले. नाळेकडे दोन टरेट मोजले. मग मागे गेले आणि थांबले. "पुढे दोन, मागे एक. ही दुसरी कुठून आणलीस?"

मी म्हटलं, "अहो अण्णा, खोक्यावर चित्र आहे. चारच असतात." ते म्हणाले, "असेल बाबा." पुन्हा विषय काढला नाही. मला वाटलं, वय झालंय, विसरले असतील.

गेल्या वर्षी अण्णा गेले. त्यांची ट्रंक आवरताना एक काळा-पांढरा फोटो निघाला. डेकवर पाच-सहा पोरं उभी, त्यात अण्णा. मागे टरेट एकच.

मग मी जो अभ्यास आधी करायला हवा होता, तो केला. ५ जानेवारी १९४३ ला ग्वादलकनालजवळ जपानी बॉम्ब ‘एकिलिस’च्या मागच्या वरच्या टरेटवर पडला. १३ खलाशी गेले. दुरुस्तीत तो टरेट काढूनच टाकला आणि तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या. म्हणजे भारताकडे जहाज आलं ते तीनच टरेट घेऊन. १९५६ चा ‘द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट’ हा इंग्रजी सिनेमा मिळाला तर बघा. त्यात ‘एकिलिस’ म्हणून जी दिसते ती आपली ‘दिल्ली’च आहे. अण्णांचा हिशोब पडद्यावर मोजता येतो.

मंडळी, चूक किटची नव्हती. ते ‘एजॅक्स’चं किट होतं आणि ‘एजॅक्स’ला चार टरेट होतेच. चूक माझी. मी खोक्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवला आणि चार वर्षं त्या जहाजावर राहिलेल्या माणसावर ठेवला नाही.

आता टेबलावर आहे ते दुरुस्त केलेलं मॉडेल. जास्तीचा टरेट कापला, विमान उडवायचं कॅटापल्ट काढलं, साध्या डोलकाठ्यांच्या जागी तारेच्या तीन पायांच्या केल्या. मागे निशाण १९६१ चं, पांढऱ्यावर लाल क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा. कापलेल्या जागी डिंकाचा डाग राहिलाय, तो रंगाखालूनही थोडा दिसतो. राहू दिला.

कोणाला घरच्या माणसासाठी असं काही करायचं असेल तर एवढंच सांगतो. जहाजाचं नाव शेवटी विचारा. आधी विचारा, कुठल्या साली होतात, कुठे उभे राहायचात, डोळ्यासमोर काय असायचं. जहाज तीस-चाळीस वर्षं चालतं आणि दर दुरुस्तीत बदलतं. आपल्याला हवं असतं ते त्यांच्या वर्षांतलं. कागद, फोटो आत्ताच बघून घ्या, आणि माणूस समोर बसलेला असतानाच मोजणी करा.

अण्णांची बॉयलरची जागा मॉडेलमध्ये दिसत नाही, ती पोटात आहे. पण त्या जहाजाला धुराडं एकच होतं, सगळ्या बॉयलरचा धूर तिथूनच जायचा. मुलांनो, बघताना धुराड्याच्या खाली बघा, अण्णा तिथे असायचे. फक्त डोलकाठ्यांना हात लावू नका, कालपासून दोनदा चिकटवल्यात.